फक्कीची रेघ

खोली बघायला गेलो तेव्हा जिभाऊंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार तर नाहीच नाही. अंगणातल्या हौदाकडे बोट दाखवून म्हणाले, "ती बादली भरा नि उचला." नोकरीचा पहिला आठवडा, नंदुरबारकडच्या या रनाळ्यात ओळखीचं कुत्रंही नव्हतं, म्हणून मी निमूटपणे बादली भरली आणि उचलली. जिभाऊंनी डोळे मिटून घेतले. पोटात कळ आल्यासारखा चेहरा करून ते आत वळले आणि बायकोला म्हणाले, "मास्तर चांगला शे. पन झटका मारस."

मी नगरकडचा. गणित शिकवतो. उगाच कुणी काही बोललेलं मला खपत नाही. दुसरीकडे कुठं खोली मिळाली असती तर मी त्याच पावली परत फिरलो असतो. ती मिळाली नाही आणि मी त्या घरात सहा वर्षं राहिलो. त्या सहा वर्षांत मला जेवढे धक्के बसले तेवढे त्याआधीच्या तीस वर्षांत मिळून बसले नव्हते. आता बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आलोय, तरी बादली उचलताना मागं कुणी उभं आहे का ते बघतो.

जिभाऊ मूळचे रनाळ्याचेच, खात्यापित्या शेतकरी घरातले. तरुणपणी भावांशी भांडून निघाले आणि लांबच्या एका लष्करी छावणीत गोल्फच्या मैदानावर माळी म्हणून लागले. एकतीस वर्षं त्यांनी गवत कापलं, हेड माळी म्हणून निवृत्त झाले. सोमवारी ते मैदान साहेबलोकांना बंद असायचं, त्या दिवशी माळ्यांना खेळायची मुभा होती. त्या सोमवारांवर जिभाऊ खेळ शिकले. गावी आले ते दोन जुन्या काठ्या, सात बॉल आणि नियमांचं एक फाटकं पुस्तक घेऊन. वाटणीचे दोन एकर त्यांच्या नावावर झाले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी त्यात हरळी लावली.

ज्याच्या घरी शेती आहे त्याला हे वाक्य वाचूनच धक्का बसेल. हरळी खणून काढता काढता आपल्याकडे माणसं म्हातारी होतात. काळ्या जमिनीत तिची एक कांडी राहिली तर पुढच्या वर्षी सगळं वावर तिचं. आणि हा माणूस ती विकत आणून, पाणी पाजून, वर मायेनं कात्रीनं कापत होता. शेजारच्या कापसाचा मालक बांधावर उभा राहून ओरडायचा, "जिभाऊ, डोकं फिरनं का तुमनं? दुश्मनले पानी पाजी ऱ्हायनात!" जिभाऊ शांतपणे सांगायचे, की गोल्फच्या जगात हीच हरळी साहेबाच्या गालिच्यासारखी जपतात. बांधाच्या कडेनं त्यांनी दोन फूट खोल चर खणून ठेवला होता, आणि तो ओलांडून एक जरी मुळी पलीकडे गेली तर स्वतः जाऊन उपटून आणत. तरी शेजाऱ्याचा राग काही गेला नाही.

त्या दोन एकरांत तीन भोकं होती आणि तीन झेंडे. झेंड्यांचं कापड लाल होतं. मी त्याचं कौतुक केलं तर मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपुढून म्हणाल्या, "मन्हा नवा पोलकाना कपडा व्हता तो. इचारी घ्या त्यासले." जिभाऊंनी त्यावर गंभीरपणे सांगितलं, की झेंडा लांबून दिसला पाहिजे असा नियमच आहे.

झटका हा जिभाऊंच्या तोंडचा सगळ्यात वाईट शब्द. गोल्फची काठी मागं वर नेताना जेवढा वेळ लागतो त्याच्या एक तृतीयांश वेळात ती खाली आली पाहिजे. याला ते टेम्पो म्हणत. वर जाताना तीन, खाली येताना एक. कुणी दमानं खेळणारा असेल, कुणी तडफेनं, पण हिशेब तीनास एकाचाच. "वर गया का मानूसले घाई व्हस," ते म्हणायचे, "तठेच बठ्ठं बिघडस," म्हणजे तिथंच सगळं बिघडतं. हापशीवर पाणी काढणाऱ्या बाया, घण मारणारा लोहार, झाडू मारणारा शाळेचा शिपाई, सगळ्यांना ते या मापानं मोजत. एकदा माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर अर्धा तास उभे राहिले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "सर, तुम्ही गणित मांडतस एकमा नि उत्तर काढतस तीनमा. पोरे मधमाच पडी जातस." मी चिडलो. जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मांडणीला जास्त वेळ दिला, पण ते त्यांना कधीच सांगितलं नाही.

गावात सगळ्यात चांगला टेम्पो कुणाचा, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. मावशींचा. धुणं आपटताना. रोज सकाळी मावशी हौदाशेजारच्या दगडावर कपडे आपटत आणि जिभाऊ ओट्यावर चहाचा कप धरून डोळे मिटून ऐकत बसत. मावशी मला म्हणायच्या, "मी धुनं धोवस नि हाऊ मानूस मोजत बठस. छत्तीस वरीस व्हयनात." आवाजात तक्रार असायची, पण त्यांनी एखादा दिवस दगडाची जागा बदलली असं काही झालं नाही.

नियमांच्या बाबतीत जिभाऊ फार कडक. पाऊस पडून मैदानात डबकं साचलं आणि बॉल त्यात गेला, तर त्याला कॅज्युअल वॉटर म्हणायचं. म्हणजे आलेलं आणि जाणारं पाणी. तो बॉल उचलायचा, कोरड्या जागी सोडायचा, दंड नाही. चूक खेळाडूची नाही ना! पण दव पडलं असेल तर ते पाणी धरायचं नाही. "दव म्हंजे पानी नही सर, दव म्हंजे दव," असं ते मला पहिल्या हिवाळ्यात रोज सांगत. बॉल उचलला की हात खांद्याच्या रेषेत ताठ धरून सोडत. मी एकदा सहज मोबाइलवर बघितलं आणि बोलून गेलो, की जिभाऊ, आता नियम बदललाय, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. आणि कॅज्युअल वॉटर हे नावही काढून टाकलंय, आता टेम्पररी वॉटर म्हणतात. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. "खांदावरथीन गुडघावर? माले कोनी सांगं बी नही?" दोन दिवस ते मैदानाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे मी ओट्यावरून पाहिलं, तर हा सदुसष्ट वर्षांचा माणूस गुडघ्याजवळ हात धरून बॉल सोडायची सवय करत होता.

आणि ती फक्की. शाळेत कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती चुन्याची पांढरी भुकटी. गोल्फच्या मैदानात एखादी जागा खराब झाली, माळी तिथं काम करत असला, की भोवती पांढरी रेघ मारतात. ग्राउंड अंडर रिपेअर. रेघेच्या आत बॉल गेला तर खेळाडूनं तो बाहेर काढायचा, त्याला दंड नाही, आणि आतल्या जमिनीलाही कुणी नावं ठेवायची नाहीत. जिभाऊंनी बसस्टँडपासून शाळेपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याभोवती अशी रेघ मारली होती. ग्रामसेवकानं विचारलं, हे कुणाच्या आदेशानं? तर म्हणाले, "खड्डा मी करा नही. मी फक्त सांगी ऱ्हायनू का आठे दुरुस्ती चालू शे." दुरुस्ती अर्थातच चालू नव्हती. ग्रामसेवकाचं तोंड बघण्यासारखं झालं आणि पुढच्या महिन्यात चार खड्डे बुजले.

इथवर हे सगळं हसण्यावारी नेता आलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. धुण्याचा आवाज रोजच्यासारखा येत होता. मध्येच थांबला. मला काहीच वाटलं नाही, पण जिभाऊंच्या हातातला कप फुटल्याचा आवाज आला आणि मी बाहेर धावलो. ते हौदाकडे पळत होते आणि ओरडत होते, "हात वर गया, खाले उनाच नही! खाले उनाच नही!" मावशी दगडाशेजारी पडल्या होत्या. एका बाजूचा चेहरा ओघळल्यासारखा झाला होता. मी आयुष्यात इतका हादरलो नव्हतो. गाडी कुणाची, नंदुरबारला कसे पोहोचलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

एकोणीस दिवसांनी मावशी घरी आल्या. बोलणं जागेवर होतं, डोकं जागेवर होतं. उजवा पाय ओढला जात होता आणि उजवा हात लोंबत होता. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मला व्हरांड्यात थांबवून सांगितलं, की पाय चालेल, पण हाताची आशा धरू नका, घरच्यांना हळूहळू सांगा. मी मान हलवली. आणि सांगितलं नाही. गणिताच्या मास्तरला उत्तर माहीत असून ते फळ्यावर लिहिता येऊ नये, याची मला फार लाज वाटायची.

त्या भागात आजाऱ्याला भेटायला एकटं कुणी येत नाही. बायका दहा-बारा जणींच्या घोळक्यानं येतात, खाटेभोवती बसतात आणि एकीनं सुरुवात केली की सगळ्या रडतात. मनापासून रडतात, त्यात खोटं काही नसतं. एकजण मावशींचा तो हात आपल्या मांडीवर घेई, कुरवाळी आणि म्हणे, "कसा हात व्हता वं माय, नि काय व्हई गयं!" सकाळी एक घोळका, दुपारी एक. मावशींनी दुसऱ्या दिवशी तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी जेवण बंद केलं. जिभाऊंनी घास पुढं केला तर म्हणाल्या, "मी मरी गयनू का? मंग त्या बठ्ठ्या रडतस कसाले?"

चौथ्या दिवशी मी शाळेतून आलो तर ओसरीत फक्कीची रेघ. खाटेच्या चारी बाजूंनी, अडीच हात सोडून, एकसारखी जाड, मैदानावर मारावी तशी. उशाशी पुठ्ठ्याची पाटी, "दुरुस्ती चालू." आणि चार कोपऱ्यांत चार छोटे लाल झेंडे. रेघेबाहेर दहा बायका तोंडावर पदर धरून बसल्या होत्या आणि जिभाऊ त्यांना नियम सांगत होते. "आते आठे दंड नही. रेघना बाहेर बठा, चहा प्या, गप्पा करा. रडाले बंदी. हिले काय येस नि काय येस नही, ते कोनीबी मोजानं नही."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "जिभाऊ, ती बाई आहे. मैदान नाही."

"मैदानच बरं ऱ्हास सर," ते म्हणाले. "त्याले कोनी बिचारं म्हनत नही."

त्या संध्याकाळी मावशींनी अर्धी भाकरी खाल्ली. भाकरी जिभाऊंनीच थापली होती, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, कडा फाटलेली आणि मध्ये जाड. मैदानावर खरं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, बंद असलं की शेजारी कापतात ते टेम्पररी ग्रीन असंच असतं, असं ते मावशींना समजावत होते. मावशी म्हणाल्या, "बोलू नका. मीठ ऱ्हायनं." मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, कारण मला रडू आलं होतं आणि रडायला बंदी होती.

मग रोज सकाळी धुण्याच्या वेळेला जिभाऊ रेघेच्या आत जात, मावशींचा उजवा हात आपल्या हातात घेत आणि वर नेत. एक, दोन, तीन. मग खाली, एक. मावशी स्वतः मोजायच्या, मोठ्यानं. पन्नास वेळा. मला ते बघवत नसे. व्हरांड्यातलं डॉक्टरांचं वाक्य मला रोज ऐकू येई, आणि मी रोज गप्प बसून शाळेत जाई.

दिवाळीपर्यंत मावशी काठी टेकत अंगणात येऊ लागल्या. पाय चालणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण गावानं डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं. गावानं रेघ पाहिली होती. पांढरी रेघ, लाल झेंडे, आकडे मोजत म्हटलेलं काहीतरी, आणि पडलेली बाई उठून चालतेय. एका मंगळवारी मी दार उघडलं तर उंबऱ्यात नारळ.

जिभाऊंनी तो नारळ रस्त्यात फेकला आणि तास-दीड तास आरडाओरडा केला. त्यानं फारच बिघडलं. लोक एकमेकांना सांगू लागले, की खरा माणूस असाच खेकसतो, पैसे घेत नाही, नारळ घेत नाही, म्हणजे खरंच काहीतरी आहे. पुढच्या मंगळवारी अंगणात सात माणसं बसली होती. कुणाच्या कमरेभोवती रेघ पाहिजे, कुणाच्या म्हशीभोवती. नंदुरबारहून मोटार आली. ज्या दुकानातून जिभाऊ फक्कीची पिशवी आणत त्या दुकानाचे शेठ, पिढ्यान् पिढ्या व्यापारात मुरलेलं राजस्थानी घराणं, हात जोडून उभे. गुडघे दुखतात, चिमूटभर फक्की द्या. मी म्हणालो, "शेठ, तुमच्या गोदामात पन्नास पिशव्या पडल्यात." शेठ म्हणाले, "वो अलग है, सर. यह इनके हाथ की है."

पण सगळ्यात मोठा धक्का स्टाफरूममध्ये बसला. आमचे विज्ञानाचे सर माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "जिभाऊंकडे जरा शब्द टाका ना. नानांच्या पायाचं काही बरं होत नाहीये." नाना म्हणजे त्यांचे वडील. शुगर होती, अंगठ्याजवळ जखम झाली होती, तालुक्याला ड्रेसिंग चालू होतं. मी म्हणालो, "अहो, तुम्ही जंतुसंसर्ग शिकवता!" ते खाली बघून म्हणाले, "शिकवतो. पण वडील माझे आहेत."

मी शब्द टाकला नाही. ते स्वतःच जिभाऊंकडे गेले, रडले. जिभाऊ नाही नाही म्हणत अखेर त्यांच्या घरी गेले. जखमेवर ताजी पट्टी होती, कोपऱ्यात औषधांची पिशवी होती. नानांचा पाय ज्या चौरंगावर ठेवलेला होता त्याच्याभोवती त्यांनी रेघ मारली आणि सांगितलं, "ह्या जागावर कोनी पाय ठेवानं नही, धूळ जावाले नको. दुरुस्ती चालू शे." मला घरी येऊन म्हणाले, की त्यात काही वाईट नाही, म्हाताऱ्याला धक्का लागणार नाही इतकंच. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

पंधरा दिवसांनी विज्ञानाचे सर रजेवर होते. शाळा सुटल्यावर मी जिभाऊंना मोटारसायकलवर घेऊन त्यांच्या घरी गेलो. दारातच वास आला. नाना चौरंगावर पाय ठेवून बसले होते, अंगात ताप, डोळे लाल. रेघ जशीच्या तशी होती. रोज संध्याकाळी घरातलं कुणीतरी ती नीट करत असावं. पट्टी मात्र तीच होती, पंधरा दिवसांपूर्वीची, काळी पडलेली.

"दुरुस्ती कोन करी ऱ्हायना?" जिभाऊंनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

विज्ञानाचे सर गोंधळून म्हणाले, "तुम्ही रेघ मारलीय ना."

जिभाऊ ओरडले, "रेघ दुरुस्ती करस का? माळी करस! रेघ मारावर माळीनं काम चालू व्हस! तुम्ही काम बंद करी दिधं?" एवढं बोलून ते खाली बसले आणि दोन्ही तळव्यांनी ती रेघ पुसू लागले. नानांना त्याच क्षणी गाडीत घातलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आणखी गेले असते तर गुडघ्यापर्यंत कापावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी परत येताना जिभाऊ मोटारसायकलवर माझ्यामागं बसले होते. मी काहीतरी बोललो, तुमची चूक नाही असलं. ते म्हणाले, "मी इचारं नही ना सर. माळी कोन शे, हाई इचाराले जोयजे व्हतं."

तो मंगळवार होता. अंगणात दहा-बारा माणसं नारळ घेऊन बसली होती. जिभाऊ त्यांच्यातून सरळ चालत गेले, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि ओसरीत जाऊन खाटेभोवतीची रेघ झाडू लागले. झपाझप, वेडेवाकडे हात मारत, धुरळा उडवत. तीनास एक वगैरे काही नव्हतं. झेंडे उपटून फेकले. पाटी फाडली. मावशी खाटेवर उठून बसल्या होत्या आणि चुना त्यांच्या केसांवर बसत होता. मग ते दारात येऊन लोकांना म्हणाले, "हाऊ चुना शे. कबड्डीना मैदानना चुना. हिना पाय गोळ्यास्वर नि हिना हिंमतवर चालस. नि हिना हात कधी येवाव नही. मोठा डॉक्टरनी माले पहिलाच दिन सांगेल व्हतं. जा आते, दवाखानामा जा!"

पाच महिने मी जे पोटात घेऊन हिंडत होतो ते या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी रोज पन्नास वेळा. आणि आता हे त्यांनी मावशींच्या तोंडावर, साऱ्या अंगणासमोर बोलून टाकलं होतं. मावशींकडे बघायची माझी छाती होईना.

मावशी केसांवरचा चुना डाव्या हातानं झटकत होत्या. म्हणाल्या, "माले कोनी सांगानी गरज नव्हती. हात मन्हा शे का तुमना?"

अंगणातली माणसं एकेक करून उठून गेली. जिभाऊ खराटा धरून तिथंच उंबऱ्यावर बसले. मला खोलीत जायची वाट त्या दोघांमधूनच होती, म्हणून मी तासभर हौदावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. हात कधीच येणार नाही, हे आता सगळ्या गावाला कळलं होतं. रेघ नव्हती, बंदी नव्हती. त्या खाटेच्या कडेवर बसल्या, एकीनं तो हात मांडीवर घेतला आणि सुरुवात केली. पाच महिन्यांचं साठलेलं सगळं त्यांनी त्या दिवशी रडून घेतलं. मावशींनी तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी ताट तसंच परत आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

मी जिभाऊंना म्हणालो, "परत मारा रेघ. काय व्हायचं ते होऊ द्या." ते उंबऱ्यावरून उठले नाहीत. मैदानावरही गेले नव्हते. स्वतःचे तळवे बघत म्हणाले, "मन्हा हातनी रेघवर लोकेसना पाय कापतस सर. मी मारस नही."

तिसऱ्या दिवशी मी शाळेला दांडी मारली. सकाळचं ताट मावशींच्या उशाशी तसंच पडून होतं. सकाळी दहाला घोळका आला. आतून तोच सूर लागला, "कसा हात व्हता वं माय..." मी खोलीत फेऱ्या मारत होतो. मग काय झालं ते मला अजूनही नीट कळत नाही. मी, ज्यानं आयुष्यात कधी अंगारा लावला नाही, ज्यानं शेठला आणि विज्ञानाच्या सरांना मनातल्या मनात मूर्ख ठरवलं होतं, तो मी अंगणाच्या कोपऱ्यातला जिभाऊंचा फक्कीचा डबा घेऊन ओसरीत शिरलो. "उठा," मी बायकांना म्हणालो, "सगळ्या उठा, मागं सरका." माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्या दचकून उठल्या. मी वाकून रेघ मारू लागलो. घाई इतकी होती की चुना रेघेपेक्षा माझ्या पायांवरच जास्त पडला. खाटेला पूर्ण वेढा घालून मी परत सुरुवातीला आलो, तर दोन टोकं जुळेनात, वीतभर फट राहिली. ती मी मूठभर फक्की टाकून बुजवली. उंबऱ्यावरून जिभाऊ माझ्याकडे बघत होते, तोंड उघडं ठेवून. त्या घरात पहिल्यांदाच धक्का त्यांना बसला होता.

बाहेर जाता जाता एक बाई दुसरीला म्हणाली, "मास्तरनी रेघ! तिन्हामा काय जीव?" आणि दोघी हसल्या. खरंच होतं ते. माझ्या रेघेसाठी पुढं कधी कुणी नारळ आणला नाही, चिमूटभर चुना मागितला नाही. रडायला मात्र त्या दिवसापासून कुणी आत आलं नाही.

ओसरी रिकामी झाल्यावर मावशींनी भिंतीकडचं तोंड हळूच वळवलं. खाटेवरून वाकून चारी बाजू बघितल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, नीट.

"सर," त्या म्हणाल्या, "वाकडी व्हयनी."

मग त्यांनी डाव्या हातानं ताट पुढं ओढलं.